रोटी चनाय, रिव्हिजन अकरा

शैलेंद्र टिपणीसांना चौदा वर्षांच्या नोकरीत एकदाच 'सी' शेरा मिळाला, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतला. पण असं काही झालंच नाही असं समजून पुढं जाऊ. टिपणीस स्वतःही तसंच समजतात, आणि त्यांची समजूत काढायला अजून कोणी गेलेलं नाही.

"राजन, यात थर किती?"

"क्या?"

"लेयर्स. रोटी में. कितने?"

नोव्हेंबर २००८. शारजात अल मजाजमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर राजननं नुकतंच मलेशियन हॉटेल काढलं होतं. चार टेबलं, एक तवा आणि मागं पडदा लावलेला फॅमिली सेक्शन. राजनचा पणजा तमिळ, तो स्वतः मलेशियातल्या इपोहचा, हिंदी शारजाच्या टॅक्सीत शिकलेला. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तो त्यांच्याकडचा 'ला' लावायचा.

"गिनके कौन खाता है, साब? गरम है, खाओ ला."

टिपणीसांनी रोटी उलगडली. दिसायला ही रोटी चनाय म्हणजे आपल्या घडीच्या पोळीची परदेशात शिकून आलेली बहीण. सोबत वाटीभर डाळ. दोन दिरहम, म्हणजे पंचवीस रुपये. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, खिशातून छापील चिठ्ठी काढली आणि लिहिलं: 'रोटी चनाय, रिव्हिजन शून्य. शेरा: सी. थर चारच. मधला भाग कच्चा.'

टिपणीस एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. बांधकामात इंजिनिअर नकाशे काढतात, कामगार भिंती उभ्या करतात, आणि डॉक्युमेंट कंट्रोलर या दोन्हीपैकी काहीच करत नाही. तो प्रत्येक नकाशाला नंबर देतो. नकाशा बदलला की रिव्हिजनचा आकडा बदलतो, जुना नकाशा कोणाच्या हाती लागणार नाही हे बघतो आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेतो. तपासणारे त्या कागदांवर चारांपैकी एक शेरा मारतात. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे किरकोळ सूचनांसह मंजूर. सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. डी म्हणजे तोंड दाखवू नका. इंजिनिअरांना सी यायचे, ढिगानं यायचे. टिपणीसांच्या स्वतःच्या कामाला, म्हणजे नंबर, नोंद आणि पोच यांना, बी सुद्धा दोनदाच आला होता. त्यातला एक शाईच्या रंगावरून होता आणि तो त्यांना अजून मान्य नव्हता.

राजननं चिठ्ठी दोनदा वाचली. "साब, इपोह में मेरे बाप की रोटी के लिए लाइन लगता था. आप मेरे को सी दिया?"

"सी म्हणजे वाईट नाही," टिपणीस शांतपणे म्हणाले. "मतलब, फिर से सबमिट करो."

त्या सकाळी ते एकमेव गिऱ्हाईक होते म्हणून राजननं त्यांना हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी ते येऊन बसले, तोच पुढ्यात ताटली आदळली.

"रिव्हिजन वन."

हे चार महिने चाललं. रिव्हिजन तीनमध्ये थर आले पण तूप गायब झालं. रिव्हिजन सहा राजननं रागाच्या भरात केली आणि ती जवळजवळ डी होती. रिव्हिजन आठच्या वेळी दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. ताटली आणि चिठ्ठी यांचंच बोलणं चालू होतं. रिव्हिजन अकराच्या वेळी राजननं पीठ हवेत फिरवून धोतराइतकं पातळ केलं, घड्या घातल्या, भाजलं आणि तव्यावरून काढताच दोन्ही तळव्यांत टाळी वाजवल्यासारखं चेपलं. रोटी सुटून मोकळी झाली. टिपणीसांनी थर मोजायला सुरुवात केली, नवव्या थराला मोजणं सोडून खायला लागले, आणि 'ए' लिहिला.

राजननं ती चिठ्ठी फ्रेम करून ट्रेड लायसन्सच्या शेजारी लावली. लायसन्स किंचित खाली घ्यावं लागलं.

या काळात मंदीमुळं दुबईत सगळंच पडत होतं, फक्त इमारती मधेच उभ्या होत्या. टिपणीसांच्या कंपनीचा सिलिकॉन ओएसिसमधला टॉवर बावीस मजल्यांचा होणार होता. तो सातव्या मजल्यावर थांबला आणि तिथूनच वाळवंट बघत बसला. इंजिनिअर गेले. अकाउंट्सवाले गेले. त्यांच्यातला सुजीत हप्ते थकलेली गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून गेला, पण जाण्याआधी येऊन ऑफिसच्या किल्लीची पोच घेऊन गेला, कारण टिपणीसांनी तशी सवयच लावली होती. २००९च्या सप्टेंबरपर्यंत अख्ख्या यूएईत कंपनीचा एकच माणूस उरला. टिपणीस.

हुशार होते म्हणून नव्हे. टॉवरचे सगळे कागद मालकाच्या माणसाला सोपवून त्याची सही घेतल्याशिवाय कंपनीला काम बंद करता येत नव्हतं. आणि मालकाचाच पत्ता नव्हता. मुंबईहून पत्र आलं: हस्तांतरणाची सही झाली की सात दिवसांत व्हिसा रद्द, कंपनीचं घर रिकामं. तोवर 'उपलब्ध जागेतून' काम करावं.

उपलब्ध जागा म्हणजे राजनचा फॅमिली सेक्शन. ऑफिस त्याच इमारतीत वर होतं. घरमालकानं त्याला कुलूप घालायच्या आदल्या दिवशी सहाशे बारा फायली लिफ्टनं खाली आल्या आणि पडद्यामागं छतापर्यंत रचल्या गेल्या. शुक्रवारी येणारी कुटुंबं 'ड्रेनेज' लिहिलेल्या फायलींना पाठ टेकून नासी लेमाक खाऊ लागली. नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तिखट लाल चटणी, शेंगदाणे, उकडलेलं अंडं आणि कुरकुरीत तळलेली बारीक सुकी मासळी. टिपणीसांची बायको छाया पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तिनं एक मासा उचलून उजेडात धरला.

"अहो, ही तर आपली सुकी मांदेली!" ती म्हणाली. "चौदा वर्षं मी घरात तळू देत नाही, सोसायटीत वास जातो म्हणून. आणि तुम्ही रोज इथं ऑफिसच्या नावाखाली खाताय?"

"ऑफिसच आहे हे."

"हो ना. दिसतंय." तिनं मागच्या फायलीवरचं नाव वाचलं. "अग्निशमन. एवढी चटणी खाल्ल्यावर बरंय हाताशी असलेलं."

मुलगी ईशानी बारावीत होती. शारजातच वाढलेली, मराठी पूर्ण कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार होती. छायानं कॅलेंडरवर हिशेब मांडला होता. फेब्रुवारीत कोणी सही केली, तर सात दिवस, त्यावर व्हिसा संपल्यानंतर देश सोडायला मिळणारा एक महिना, आणि मग खलास. शेवटचे तीन पेपर विमानात.

"तेव्हा कोणी आलंच," छायानं बजावलं, "तर तुम्ही गिऱ्हाईक. खायचं आणि गप्प बसायचं. पोटाशी मुलगी आहे, तेवढं जमेल ना?"

"जमेल की."

ईशानीनं केमिस्ट्रीच्या पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, प्लीज. जस्ट डोन्ट बी हेल्पफुल."

राजनशी संकेत ठरला. तो तेह तारिक करायचा, म्हणजे दुधाचा चहा एका मगातून दुसऱ्या मगात वरून ओतत ओढायचा, फेस येईपर्यंत. एरवी ही धार हातभर लांब. टाय लावलेला अनोळखी माणूस दारात दिसला, तर ती खांद्यापासून सोडायची: सावध. त्यानं टॉवरचं नाव काढलं, तर डोक्याच्या वरून: पळा.

नऊ फेब्रुवारी २०१०, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. चहाची धार खांद्यापर्यंत गेली.

आलेला माणूस पन्नाशीचा, टाय लावलेला, बुटांना सिमेंट. पलीकडच्या टेबलावर बसून त्यानं रोटी चनाय मागवली आणि फोन लावला.

"जी, ज़हूर बोल रहा हूँ. टॉवर अब बैंक का है तो काग़ज़ भी बैंक को चाहिए, मैं समझता हूँ सर. मगर इनका दफ़्तर बंद है. ताला."

धार डोक्याच्या वर गेली. टिपणीसांनी मान घातली ती सरळ डाळीच्या वाटीत.

"रिकॉर्ड? काहे का रिकॉर्ड, सर. सब कबाड़ में बेच दिया होगा. कोई कंट्रोलर-वंट्रोलर था ही नहीं इनके पास."

टिपणीसांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी घास गिळला. दुसरा गिळला. तिसरा तर न चावताच गिळला. छायानं पाहिलं असतं तर तिला या संसाराचं सार्थक झाल्यासारखं वाटलं असतं.

मग जहूरसाहेबांनी पिशवीतून एक चुरगळलेला नकाशा काढून टेबलावर पसरला. "साइट पर यही एक मिला है, सीमेंट की बोरी के नीचे. सातवीं मंज़िल की सीढ़ी. इसी पर काम शुरू करवा देते हैं."

टिपणीसांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं. डोळ्यांना हे ठरल्याचं कळवलं गेलं नव्हतं. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: जिना, रिव्हिजन दोन.

त्या जिन्याची चालू रिव्हिजन पाच होती. दोनमध्ये एक पायरी कमी होती. हा माणूस रद्द झालेल्या नकाशावर पेन्सिलनं बरोबरच्या खुणा करत होता. टिपणीसांनी साखरेच्या डब्याकडं बघितलं. छताकडं बघितलं. राजनकडं बघितलं, राजन जोरजोरात मान हलवत होता. मग ते उठले, कारण काही माणसांना दूध उतू जाताना बसवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

"एक्सक्यूज़ मी. ये रिव्हिजन टू है. रद्द है. इस पे मत जाइए."

"आप?"

"कस्टमर," टिपणीस म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

"कस्टमर को कैसे मालूम?"

जहूरसाहेबांची नजर भिंतीवर गेली. तिथं लायसन्सच्या शेजारी फ्रेममध्ये लिहिलं होतं: 'रोटी चनाय, रिव्हिजन अकरा, शेरा ए.' त्यांनी ते सावकाश वाचलं, समोरच्या माणसाच्या खिशातल्या छापील चिठ्ठ्या बघितल्या, आणि हसले.

काउंटरवर चहा सांडला. आयुष्यात पहिल्यांदाच राजनची धार चुकली.

"सही नक्शा निकाल सकते हैं?"

टिपणीस पडद्यामागं गेले आणि एकोणीस सेकंदांत रिव्हिजन पाच घेऊन आले. जहूरसाहेबांनी लिफ्टची मोटर मागितली. चौदा सेकंद. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीचा उतार मागितला. अकरा सेकंद, सोबत तो उतार बदलण्यावरून झालेल्या भांडणाची सात पत्रं. पंचवीस कागद मागून झाले. रोटी गार झाली होती, ती त्यांनी तशीच खाल्ली आणि म्हणाले, "माशाल्ला. पच्चीस साल से इस लाइन में हूँ, साहब. ऐसा रिकॉर्ड नहीं देखा."

टिपणीसांनी हे वाक्य ऐकलं आणि ते क्षणभर कुठं उभे आहेत ते विसरले. चौदा वर्षांत नकाशा सापडला नाही तर लोक त्यांच्याकडं यायचे. सापडला तर परस्पर जायचे.

"लाइए, कहाँ साइन करना है? सीधा ए देता हूँ."

हात सवयीनं पुढं झाला आणि टिपणीसांनी हस्तांतरणाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. पेनचं टोपण निघालं.

"ए मत देना ला!" राजन तव्यामागून ओरडला.

मग त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं: सात दिवस, एक महिना, ईशानी, शेवटचे तीन पेपर. सांगताना तव्यावरची रोटी जळली. टिपणीस जमिनीकडं बघत होते. जहूरसाहेबांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मेरी भी तीन हैं," ते म्हणाले. "एक तो दो बार फेल हुई. आराम से हुई, मगर." त्यांनी कागद पुन्हा ओढला. "तो सी लिख देता हूँ. आठ हफ़्ते में दोबारा पेश करें. बात ख़त्म."

"असं नाही चालत," टिपणीस म्हणाले.

"क्यों?"

"कारण लिखना पड़ता है. बिना कारण सी नहीं दे सकते."

पुढची चाळीस मिनिटं तीन मोठी माणसं सहाशे बारा फायलींमध्ये एक चूक शोधत होती.

"बोलो दो फाइल गुम है ला," राजननं सुचवलं.

"गुम नहीं हैं." टिपणीस दुखावले.

"नंबर ग़लत लिख दूँ?" जहूरसाहेब म्हणाले.

"कौनसा नंबर ग़लत है, बताइए."

"अरे हबीबी, मैं आपकी मदद कर रहा हूँ!"

"मदद ठीक है. लेकिन जो ग़लत नहीं है उसको ग़लत कैसे लिखेंगे? कल कोई चेक करेगा."

"कौन चेक करेगा? कंपनी नहीं बची, मालिक भाग गया!"

"मैं करूँगा," टिपणीस म्हणाले.

शेवटी जहूरसाहेब थकून खुर्चीत बसले. घड्याळ बघितलं. "बैंक को आज रिपोर्ट देनी है, साहब. खोट नहीं है तो ए ही लिखना पड़ेगा. मेरे हाथ बँधे हैं."

पेन पुन्हा हातात गेलं. टेबलावर जिन्याचा रिव्हिजन पाचचा नकाशा पसरला होता: पांढरास्वच्छ, नंबर बरोबर, घडी बरोबर, चार सह्या चार चौकोनांत. टिपणीसांनी तो एकदा नीट बघून घेतला. मग स्वतःच्या वाटीतला चमचा उचलला, नकाशाच्या वर आणला आणि तिरका केला.

डाळीचा एक थेंब पडला. सातव्या मजल्याच्या सहाव्या पायरीवर. पिवळा, गोल, कडेनं तूप पसरत जाणारा.

राजननं फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"अब है," टिपणीस म्हणाले. "अब लिखिए."

जहूरसाहेबांनी लिहिलं: 'शेरा सी. नकाशावर डाग. दुरुस्त करून आठ आठवड्यांनी पुन्हा सादर करावे.' टिपणीसांनी तो वाचला, तारीख तपासली, एका ठिकाणी टिंब राहिलं होतं ते घालून घेतलं, आणि पोच म्हणून स्वतःची सही केली.

त्यांच्यासमोर एक ताटली आली. वाफाळती रोटी, डाळ, चहा.

"खाओ, साब," राजन म्हणाला. "आप ही बोला था ना, सी मतलब वापस आओ. मेरे को ग्यारह बार दिया था. कुछ नहीं होता ला."

घरी गेल्यावर त्यांनी छायाला सगळं सांगितलं. तिनं आधी कपाळाला हात लावला, मग कॅलेंडर मोजलं, मग त्यांना जास्तीचा एक मासा वाढला. हो, घरातच तळलेला. सोसायटीला काय वाटायचं ते वाटो.

ईशानीनं सगळे पेपर विमानात नव्हे, जमिनीवर बसून दिले आणि शहाऐंशी टक्के मिळवले. एप्रिलमध्ये जहूरसाहेब पुन्हा आले. डाग गेला नव्हता. गेला आहे असं तिघांनी एकमतानं ठरवलं आणि ए झाला. मे महिन्यात टिपणीस कुटुंब ठाण्याला परतलं. निघताना राजननं फॉइलमध्ये गुंडाळून दिलेली रोटी त्यांनी विमानात उघडली. आत चिठ्ठी होती: 'रिव्हिजन बारा. शेरा कळवणे.' तो त्यांनी उतरल्या उतरल्या कळवला.

सगळं ठीक झालं, फक्त नोंदवही तशीच राहिली. तिच्यात दोन ओळी आहेत. खालच्या ओळीत ए. वरच्या ओळीत सी.

म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत टिपणीस एक अर्ज पाठवतात. मालक कधीच नाहीसा झालाय, कंपनी बंद पडलीय, आणि पोस्ट बॉक्स दुसऱ्याच कोणाला तरी मिळालाय. यंदाचा अर्ज ईशानीनं टाइप करून दिला.

"बाबा, दे डोन्ट एक्झिस्ट."

"म्हणूनच लेखी," टिपणीस म्हणाले. "जे असतात त्यांना फोन करता येतो."

प्रति,
मा. प्रकल्प मालक,
टॉवर (सात मजले), सिलिकॉन ओएसिस, दुबई

विषय: दि. ०९/०२/२०१० रोजीचा शेरा 'सी' नोंदवहीतून वगळणेबाबत. रिव्हिजन सहा.

महोदय,

उपरोक्त शेरा नकाशावरील डागामुळे देण्यात आला होता. नकाशात, नंबरात अथवा नोंदीत कोणताही दोष नव्हता. सदर डाग अर्जदाराने पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने पाडला असून त्याबद्दल त्यास खेद नाही. तरी तो शेरा पूर्वलक्षी प्रभावाने मागे घेण्यात यावा.

तसेच डाग ज्या डाळीचा होता, ती डाळ 'ए' दर्जाची होती, याचीही नोंद व्हावी.

कृपया पोच द्यावी, ही नम्र विनंती.